वेशीबाहेरची मोटार

गेल्या महिन्यांत आमच्या घिवलीच्या घरीं इटलींतून एक जाड लिफाफा आला. पोस्टमननें सही घेऊन तो हातीं दिला, तेव्हां ओटीवर बसलेल्या शेजारमंडळींस वाटलें कीं, प्रवासांत भेटलेल्या कोणा स्नेह्यांनीं आमची आठवण काढली असावी. लिफाफ्यांत आठवण होतीच. पण ती एका नगरपालिकेनें काढलेली होती. अमुक दिवशीं, अमुक वाजून अमुक मिनिटांनीं, अमुक क्रमांकाची भाड्याची मोटार शहराच्या जुन्या भागांत परवान्यावांचून शिरली, सबब अमुक इतका दंड भरावा, असा त्यांतील मजकूर. मोटार आम्हीं उभयतांनींच नेली होती. चाक एकाच्या हातीं होतें, नकाशा दुसऱ्याच्या. म्हणजे संसाराप्रमाणें हा गुन्हाही समाईकच होता.

शेजारमंडळींनीं आमची कींव केली. एक वडीलधारे स्नेही तर संतापून म्हणाले, "पाहुण्याला आंत घेऊन मागाहून दंड करणारें हें कसलें शहर! आपल्या वसईच्या किल्ल्यांत मोटार थेट आंत जाते. कोणी हटकीत नाहीं." हें वाक्य आम्हांस त्या दंडापेक्षां महाग वाटलें, आणि आजचा हा लेख त्या वाक्यासाठींच लिहिला आहे. आमचें म्हणणें थोडक्यांत असें कीं, तो दंड न्याय्य होता; इटलींतील जुनीं शहरें ज्या अनेक कारणांनीं टिकलीं त्यांत पाहुण्याला 'नाहीं' म्हणण्याचें हें धैर्य एक मोठें कारण आहे; आणि आपलीं जुनीं गांवें जात आहेत, त्याचें एक कारण मोटारींत बसलेले आपण आहों.

इटलीच्या मोटारप्रवासाची रूढी आतां आपल्या सुशिक्षित कुटुंबांत चांगलीच रुजली आहे. मुलें शिकून बाहेर गेलीं, नोकरीचा व्याप ओसरला, कीं पतिपत्नी आंतरराष्ट्रीय वाहनपरवाना काढतात, विमानतळावर मोटार ताब्यांत घेतात, आणि रस्त्याच्या उजव्या बाजूनें हांकण्याची संवय होते न होते तोंच दहा दिवसांत आठ ऐतिहासिक शहरें उरकून परत येतात. आम्हीही तसेच गेलों. व्हेरोना, फेरारा, बोलोन्या, राव्हेन्ना, उर्बिनो, सिएना, लुक्का हीं नांवें आम्हींही रोजनिशींत एकाखालीं एक लिहिलीं. परत आल्यावर चहाच्या पेल्याबरोबर एक ठराविक वाक्य सांगावयाचें असतें: "तिकडे लोकांना इतिहासाचा अभिमान आहे; आपल्याकडे कोणी कांहीं राखलेंच नाहीं." ऐकणारे मान हलवितात, फोटो पुढें सरकतात आणि विषय संपतो. हें वाक्य बोलणारा स्वतःस मोठ्या शिताफीनें दोषांतून सोडवून घेतो. इतिहासाचा अभिमान हा रक्ताचाच गुण ठरला, म्हणजे ज्यांच्या रक्तांत तो नाहीं त्यांनीं करावयाचें असें कांहीं उरतच नाहीं.

पण इटालियन मनुष्य जन्मतःच जुन्याचा भक्त आहे, हें खरें नव्हे. फ्लॉरेन्स शहर १८६५ सालीं कांहीं काळापुरतें राजधानी झालें, आणि त्या भरांत तेथील लोकांनीं आपल्या मध्ययुगीन तटाचा मोठा भाग पाडून त्या जागीं रुंद रस्ते केले. पुढें त्याच शतकाच्या अखेरीस शहराच्या ऐन मध्यावरचा जुना बाजार, त्याभोंवतींच्या गल्ल्या आणि यहुद्यांची वस्ती जमीनदोस्त करून एक ऐसपैस चौक काढला. रोममध्यें मुसोलिनीनें प्राचीन चौकांच्या अवशेषांवरून कोलोसियमपर्यंत सरळ रस्ता नेला. १९३२ सालीं त्याचें उद्‌घाटन झालें. त्यासाठीं मधली राहती वस्ती उठविली गेली, आणि जें प्राचीन वैभव दाखवावयाचें म्हणून रस्ता केला त्यांतलाच मोठा भाग रस्त्याखालीं गाडला गेला. मोटारीचा द्वेष म्हणावा तर तोही नाहीं. केवळ मोटारींसाठीं राखलेला जगांतील अगदीं आरंभीचा रस्ता १९२४ सालीं मिलानहून सरोवरांकडे निघाला, तो इटलींतच. फियाट आणि फेरारी ज्यांनीं जगाला दिल्या, त्यांस मोटारीचें महत्त्व आपण काय सांगावें?

तेव्हां तेथें जें घडलें तें स्वभावानें घडलें नाहीं; चुका करून, भांडून, नियम करून घडलें. १९६० नंतरच्या दशकांत युरोपांतील बहुतेक शहरें आपले चौक मोटारी उभ्या करण्यासाठीं मोकळे करून देत होतीं. त्या काळांत सिएनानें उलट वाट धरली आणि आपला जुना भाग मोटारींना बंद केला. पुढें एकामागून एक शहरांनीं तोच कित्ता गिरविला. आज ह्या शहरांच्या वेशींवर कॅमेरे आहेत. ते आंत शिरणाऱ्या प्रत्येक मोटारीचा क्रमांक टिपतात. तेथें राहणाऱ्यांस परवाने असतात, दुकानांचा माल नेमलेल्या वेळीं आंत येतो, उतारूंस सामान उतरवून घ्यावयाचें असेल तर हॉटेलवाला त्यांचा क्रमांक कळवितो. बाकीच्यांनीं मोटार बाहेर ठेवून पायीं यावें. न आल्यास परदेशीं राहणाऱ्यासही ३६० दिवसांच्या आंत दंडाची नोटीस बजावण्याची कायद्यांत तरतूद आहे, आणि ती घिवलीसारख्या समुद्रकांठच्या खेड्यांतही बिनचूक पोंचते, हें आम्ही स्वानुभवानें सांगतों.

ह्या व्यवस्थेंतील मर्म असें कीं, ती रहिवासी आणि पाहुणा ह्यांत भेद करते, आणि तो भेद रहिवाशाच्या बाजूनें करते. शहर हें आधीं तेथें राहणाऱ्याचें, मग पाहणाऱ्याचें. बोलोन्या शहरांत साठाहून अधिक किलोमीटर लांबीच्या कमानदार पडव्या आहेत. घरें खाजगी, पण त्यांच्या पुढच्या पडवींतून चालण्याचा हक्क सर्वांना. नवीन घर बांधणारानें अशी पडवी ठेवलीच पाहिजे, असा नियम त्या शहरानें १२८८ सालीं केला. त्याच शहरानें १९७३ च्या सुमारास जुन्या भागांतील पडकीं घरें दुरुस्त करून त्यांत मूळच्या गरीब भाडेकऱ्यांनाच राहूं देण्याची योजना आंखली. दगड राखावयाचे तर त्यांत राहणारीं माणसें राखलीं पाहिजेत, हा तिचा पाया होता.

आमचा स्वतःचा गुन्हा सांगतों, म्हणजे दुसऱ्यास उपदेश करण्याचा थोडा तरी अधिकार आमच्याकडे राहील. संध्याकाळ झाली होती, पाऊस लागला होता, आणि मोटारतळापासून मुक्कामापर्यंतची वाट पायीं दहा मिनिटांची होती. वेशीपाशीं तांबड्या वर्तुळाची पाटी होती. ती आम्हीं पाहिली, पण वाचली नाहीं. फोनमधला नकाशा सरळ जा म्हणाला, आम्ही सरळ गेलों. गल्ली इतकी अरुंद कीं समोरून येणारी एक म्हातारी बाई भाजीची पिशवी छातीशीं धरून भिंतीला चिकटून उभी राहिली. आमची मोटार निघून जाईतों ती तशीच उभी होती. तिनें आम्हांस शिवी दिली नाहीं, नुसतें पाहिलें. दंडाच्या कागदांत तिचा उल्लेख नाहीं. पण तो भरतांना आमच्या डोळ्यांपुढें तीच होती.

आतां आपल्या किनाऱ्याकडे वळूं. कोणी म्हणेल, त्या शहरांशीं आमच्या गांवांची तुलना कशास? आम्ही म्हणतों, अवश्य करावी. नालासोपारा म्हणजे शूर्पारक. बुरुडराजाचा कोट म्हणून लोक जिला ओळखत होते ती टेकडी १८८२ सालीं पंडित भगवानलाल इंद्रजींनीं उकलली, तेव्हां आंत स्तूप निघाला आणि त्याच्या पोटांत दगडी पेटी मिळाली. त्याच वर्षीं तेथें अशोकाच्या शिलालेखाचा तुकडाही सांपडला. राव्हेन्नाचीं भिंतीचित्रें पाहून आम्हीं तोंडांत बोट घातलें. पण त्यांच्या आधीं सातआठ शतकें हें बंदर नांदत होतें. केळवें-माहीमचें माहीम म्हणजे महिकावती. तिची बखर इतिहासाचार्य राजवाड्यांनीं १९२४ सालीं छापून काढली. वसईंत पोर्तुगीजांनीं १५३४ पासून दोनशें वर्षें नगर वसविलें. १७३९ च्या मोहिमेंत चिमाजी अप्पांनीं तें घेतलें; त्याच मोहिमेंत आमच्या शेजारच्या तारापूरच्या तटापाशीं बाजी भिवराव रेठरेकर पडले.

ह्या सर्वांहून आम्हांस प्रिय असलेला पुरावा १९५५ सालीं चिंचणीस सांपडला. तो ताम्रपट शके ८४८ चा, म्हणजे इ. स. ९२६ चा, राष्ट्रकूट राजा तिसरा इंद्र ह्याच्या काळचा. त्यांत संजाण प्रांताच्या अधिकाऱ्याचें नांव आहे मधुमति. आणि तो जातीचा ताजिक, म्हणजे अरब. ह्या परदेशी मुसलमान अधिकाऱ्यानें काय केलें? दोन प्रवाहांवर विनामूल्य तर चालविली आणि संजाणास अन्नछत्र घातलें. तेथें भात, कालवण आणि तूप फुकट मिळे. अकराशें वर्षांपूर्वीं ह्या किनाऱ्यावर येणाऱ्याची सोय अशी होती. प्रवाशाला नदीपार नेऊन जेवूं घालीत. त्याच्यासाठीं गांव पाडून वाट काढीत नसत.

आजचा प्रवासी, म्हणजे आपण, रविवारीं सकाळीं मोटारीनें निघतों. वसईच्या किल्ल्यांतून किल्लाबंदरच्या कोळीवाड्याकडे जाणारा रस्ता आहे. तो तेथल्या लोकांना हवाच. पण त्या रस्त्यानें आंत जाऊन पडक्या देवालयाच्या भिंतीच्या सावलींत मोटार उभी करणारे आपण कोळी नव्हे. आम्हींही पूर्वीं तेंच केलें आहे. त्याच सावलींत डबा उघडून पुऱ्या खाल्ल्या आहेत. सिएनांत शहाण्या मुलांसारखे अर्धा तास चढण चढून गेलेलीं आम्हीच वसईंत पन्नास पावलें चालावयास तयार नव्हतों. केळव्यास शीतलादेवीच्या दर्शनाला, माहीमच्या आळींतून, तारापूरच्या बाजारांतून जातांना आपलें पहिलें तक्रारवाक्य एकच असतें: "रस्ता किती अरुंद!" ही तक्रार पुरेशा सुशिक्षित तोंडांनीं पुरेशी वर्षें केली, म्हणजे ती मागणी होते, मागणीचें रुंदीकरण होतें, आणि रुंदीकरणाची पहिली कुऱ्हाड ओटीवर पडते. बोलोन्याच्या पडवींचे फोटो काढून आणावयाचे आणि आपल्या गांवच्या पडव्या मोटारीच्या वाटेंतली अडचण म्हणून मोजावयाच्या, ही विसंगति आम्हांस असह्य वाटते.

ह्यावर घेतले जाणारे आक्षेप आम्हांस ठाऊक आहेत. पहिला असा कीं, दुखणाइताला, बाळंतिणीला, म्हाताऱ्याला मोटार दारांत हवी. निःसंशय हवी; आणि म्हणूनच इटलींत रहिवाशाला आणि रुग्णवाहिकेला मनाई नाहीं. आमचें भांडण त्यांच्या मोटारीशीं नाहीं, आमच्या मोटारीशीं आहे. सणासुदीला पाहुण्यांच्या मोटारींनीं आळी तुंबली, म्हणजे अडून राहते ती नेमकी रुग्णवाहिकाच.

दुसरा आक्षेप पैशाचा: पाहुणा अडविला तर गांवाचें उत्पन्न बुडेल. मोटार थेट दारांत नेणारा पाहुणा गांवांत किती पैसा टाकतो, हें त्या गांवकऱ्यांसच विचारावें. तो घरून डबा आणतो आणि कचरा ठेवून जातो. चालणारा पाहुणा थांबतो, पाणी मागतो, शहाळें घेतो, वलांडीवरचे बोंबील पाहून भाव विचारतो. लुक्काच्या तटावर झाडांच्या सावलींत सव्वाचार किलोमीटरांची फेरी आम्हीं पायीं घातली. त्या एका सकाळींत आम्हीं तीन दुकानांत पैसे दिले. मोटारींत असतों तर एकाही दुकानांत दिले नसते.

तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. व्हेनिसांत तर मोटार जातच नाहीं. १९३३ च्या पुलावरून आलेली प्रत्येक मोटार शहराच्या तोंडाशींच थांबते. तरीही १९५१ सालीं पावणेदोन लाखांच्या घरांत असलेली तेथील लोकवस्ती २०२२ सालीं पन्नास हजारांच्या खालीं आली, आणि २०२४ पासून तर गर्दीच्या दिवसांत नुसत्या दिवसभराच्या पाहुण्यांकडून प्रवेशशुल्क घ्यावें लागतें. मग मोटारबंदीनें काय साधलें? हा आक्षेप आम्हांस मान्य आहे. मोटार थांबविणें हा उपायाचा आरंभ आहे, शेवट नव्हे. रहिवासीच निघून गेला तर वेस राखून उपयोग नाहीं. परंतु ह्यावरून निष्कर्ष निघतो तो पाहुण्यावर आणखी बंधनें घालण्याचा. रहिवाशाच्या ओटीवर कुऱ्हाड चालविण्याचा नव्हे.

आणि माणसें निघून गेल्यावर गांवाचें काय होतें, हें घिवलीच्या लोकांस व्हेनिसला जाऊन पाहण्याची गरज नाहीं. तारापूरचें अणुवीजकेंद्र १९६९ पासून आमच्या शेजारीं आहे. त्याच्या तिसऱ्या व चौथ्या संचांसाठीं अक्करपट्टी आणि पोफरण हीं दोन गांवें उठलीं. वीज हवी होती, हें आम्ही नाकारीत नाहीं. ह्या लेखाचा दिवा त्याच विजेवर जळतो आहे. पण नवीन जागीं घरें बांधून मिळालीं तरी गांव जसेंच्या तसें उचलून नेतां येत नाहीं. वाटा, विहिरी, देवळापुढचा पार हीं मागेंच राहतात. आतां चिंचणी-डहाणूच्या दरम्यान वाढवण बंदर यावयाचें आहे. केंद्रीय मंत्रिमंडळानें जून २०२४ मध्यें त्यास मान्यता दिली, त्याचा खर्च ७६ हजार कोटी रुपयांहून अधिक धरला आहे, आणि त्याच वर्षींच्या ३० ऑगस्टला पालघरांत पायाभरणीही झाली. बंदरावर मच्छीमारांचें आणि सरकारचें जें भांडण आहे तें येथें दोन ओळींत निकालांत काढण्याइतके आम्ही धीट नाहीं. एवढें मात्र उघड आहे कीं, बंदरामागून रस्ते येतील, रस्त्यांमागून मोटारी येतील, आणि माहीमपासून डहाणूपर्यंतच्या प्रत्येक जुन्या आळीला एक दिवस विचारलें जाईल: तूं किती फूट मागें सरतेस? त्या दिवशीं सुशिक्षित वर्ग कोणत्या बाजूस उभा राहील, ह्याची आम्हांस चिंता आहे. आजच्या त्याच्या संवयी पाहतां तो मोटारींत बसून भोंगा वाजवीत असेल.

कायदा आपल्याकडे नाहींच असें नव्हे. १९५८ च्या स्मारकांच्या कायद्यास २०१० सालीं जोड मिळाली, आणि संरक्षित वास्तूपासून शंभर मीटरांत बांधकामास बंदी व पुढच्या दोनशें मीटरांत निर्बंध आले. मुंबईस १९९५ सालीं वारसा-नियम मिळाले. पण पहिला कायदा संरक्षित स्मारकांपुरता आणि दुसरे नियम मुंबईपुरते. माहीम, तारापूर, चिंचणी ह्यांच्या आळ्या स्मारकें नव्हेत; तेथें माणसें राहतात, आणि जेथें माणसें राहतात तेथला इतिहास आपल्या कायद्यास अजून नीट दिसत नाहीं.

म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत. वसईच्या किल्ल्यांत किल्लाबंदरच्या रहिवाशांचीं वाहनें आणि सार्वजनिक बस जावी. पाहुण्यांच्या मोटारी जमिनीकडील दरवाज्याबाहेर थांबाव्या. ह्या किनाऱ्यावरील प्रत्येक जुन्या गांवाच्या ग्रामपंचायतीनें किंवा नगरपालिकेनें आपल्या आळ्यांची व ओट्यांची यादी करावी, आणि रुंदीकरणाचा ठराव येण्यापूर्वीं ती छापावी. मागाहून केलेली यादी म्हणजे मृत्युलेख होय. गांवाबाहेर एक मोटारतळ करून त्याचें उत्पन्न गांवानेंच घ्यावें. आणि चौथी मागणी सरकारकडे नसून वाचकांकडे आहे: २०१३ पासून मुंबईच्या लोकल गाड्या डहाणूपर्यंत येतात, नालासोपारा, केळवें रोड, पालघर, बोईसर हीं स्थानकें वाटेवरच आहेत. स्थानकावर उतरावें, पुढें रिक्षा अथवा एस.टी. घ्यावी, आणि गांवाच्या तोंडाशीं उतरून चालावें. इटलींत जे पाय दुखले नाहींत ते येथेंही दुखणार नाहींत.

दंड आम्हीं भरला. पांच दिवसांच्या आंत भरल्यास तीस टक्के सूट होती, ती घेतली. मध्यमवर्गीय मनुष्य पश्चात्तापांतही सवलत सोडीत नाहीं. संतापलेल्या त्या स्नेह्यांस पावती दाखविली, तेव्हां ते म्हणाले, "तुम्ही उभयतां इटलीहून बिघडून आलां." त्यांच्या घरीं पुढच्या महिन्यांत लग्न आहे आणि मुंबईहून पुष्कळ पाहुणे यावयाचे आहेत. मोटारी कोठें उभ्या करावयाच्या, हा प्रश्न त्यांच्या ओटीवर सध्यां चर्चिला जात आहे. गांवाबाहेरच्या मैदानाचें नांव आम्हीं सुचविलें. अजून होकार आलेला नाहीं. पण नकारही आलेला नाहीं.